मावशीचं धुणं आणि माझा पहिला अल्बम

डेट्रॉइट, रविवार, चर्चमधून आल्या आल्या

प्रिय व्हर्डेल मावशी,

तुझ्या लाडक्या (आणि बाकीच्यांच्या मते वाया गेलेल्या) भाच्याचा नमस्कार. अलाबामाची हवा मानवली का? गुडघा काय म्हणतोय? लॉरेन तुला स्वयंपाकघरात पाऊल टाकू देते, की आईला अजून सोफ्यावर पाहुणीसारखं बसवून ठेवलंय? इकडे तुझं घर मी डोळ्यांत तेल घालून सांभाळतोय. (खिडकीतलं झाड गेलं. ते आधीपासूनच आजारी होतं, असं मी धरून चाललोय.)

तर मावशी, माझा पहिला अल्बम झाला! म्हणजे, होतच आला होता. तू म्हणशील, थॅड, जॅझचा सॅक्सोफोन आणि ती कम्प्युटरची टुकटुक, हे कसलं लग्न? अगं, पण ते जमवलं कोणी? तूच! लॉरेनकडे जायच्या आधी तू तळघरात धुणं लावलंस, तेव्हा मी कोपऱ्यात सॅक्सोफोन रेकॉर्ड करत होतो. तुझं ते लंगडं मशीन धडक-धक, धडक-धक करायला लागलं. मी मनातल्या मनात चरफडलो (तुझ्या हातचं चिकन खाणाऱ्याने तोंडावर बोलायचं नसतं). नंतर ऐकतो तर काय, मशीनच्या ठेक्यावर तू गुणगुणत होतीस, आणि प्रत्येक सूर ठेक्याच्या जरासा मागून, रमतगमत, ऐटीत येत होता. मी त्याच्याखाली कम्प्युटरची टुकटुक लावली, वर सॅक्सोफोन वाजवला. अंगावर काटा आला गं. अख्खा अल्बम त्या एका गाण्यावर उभा आहे.

आता लेमारची करामत ऐक. लेमार म्हणजे माझं रेकॉर्डिंग करणारा. गुणी पोरगा, पण टापटिपीचं भारी वेड. मला खूश करायला, एका शब्दाने न विचारता, त्याने कम्प्युटरवर तुझा एकेक सूर मानगूट धरून बरोब्बर ठेक्यावर नेऊन बसवला. वर मलाच सांगतो, "मावशी जरा मागे पडत होत्या, मी सावरून घेतलं." सावरून घेतलं म्हणे! आणि मूळ रेकॉर्डिंग? जागा पुरेना म्हणून पुसलं. मी गाणं ऐकलं. आवाज तुझाच होता, पण गाण्यात जीव नव्हता. खरं सांगतो, रडलो.

मग मी स्वतः गुणगुणून पाहिलं (लेमारने विचारलं, दाढ दुखतेय का). शेजारच्या मिस ओफेलियाला आणलं, तर ती इतकं चोख गायली की मशीनसुद्धा अवघडलं. पुन्हा धुणं लावावं, तर माझ्या दोन जीन्सवर ते लंगडतच नाही. आणि अल्बम काढणारी कंपनी म्हणते, महिनाअखेरीला आहे तेच छापू. ते छापलं तर माझ्या नावाने निघालेला पहिला अल्बम मला कधी ऐकवणार नाही.

ब्रदर हॉलिसने भर चर्चमध्ये तुला सुनावलं होतं, "सिस्टर व्हर्डेल, तुम्ही कायम मागे रेंगाळता," आणि गाणाऱ्यांच्या रांगेतून खाली बसवलं. तेव्हापासून कोणी ऐकतंय असं दिसलं की तू तोंड मिटतेस, हे मला ठाऊक आहे. पण मावशी, तेच रेंगाळणं शिकायला मी इतकी वर्षं गाल फुगवतोय, आणि मला अजून येत नाही.

बाकी सगळं ठीक. लॉरेनला आणि तिच्या भुंकऱ्या कुत्र्याला माझी आठवण सांग.

तुझाच,
थॅड

ता. क. या आठवड्यातच बसने निघून ये ना. लॉरेनला सांग, थॅडला कपडे धुता येत नाहीत. तिला खरं वाटेल.

ता. क. येताना मळके कपडे आण. जड पाहिजेत. रजई आणलीस तर उत्तमच.

ता. क. अरे देवा! कोणी ऐकतंय हे कळलं की तू गुणगुणत नाहीस, आणि मी तर सगळंच लिहून बसलो. तेव्हा हे पत्र वाचलं नाहीस असं समज. तळघरात मायक्रोफोन वगैरे काही नसेल. दोरीवर एक लोकरी मोजा लटकत असेल, तो मोजाच आहे. त्याच्याकडे बघू नकोस.