नायलॉनचा दोरा

अण्णा,

आज जयनगरच्या बाजारातून जाईच्या फुलांची पुडी आणली. तिचा दोरा सोडता सोडता बोटं त्याला वेढे देत बसली आणि मी आपल्या जुन्या स्वयंपाकघरात जाऊन पोचले. रविवारची सकाळ आहे. छताच्या कडीला तुम्ही दोरा बांधलाय, खाली आईची बादली टांगलीय, मी तिच्यात तांब्या तांब्याने पाणी ओततेय. कारखान्यात आठवडाभर लोखंड ताणून तपासलं तरी तुमचं मन भरत नसे, घरी गळाचे दोरे ताणायचात. आई म्हणायची, बादली फुटली तर दोघं तळ्यावरच जेवा. सुती दोऱ्याची गाठ भिजली की आणखी आवळायची, तिला दोन वेढे पुरत. नायलॉन तेव्हा नवंच आलेलं, गुळगुळीत. त्याची गाठ हळूच घसरायची आणि बादली धाडकन खाली. तुम्ही दोऱ्याचं टोक उजेडात धरून दाखवलंत. तुटलेलं टोक सरळ असतं, गाठ सुटली तर ते कुरळं होतं. म्हणालात, "याला पाच वेढे दे. स्वल्प ओलं कर, मग सावकाश ओढ."

नंतरच्या एका रविवारी तळ्यावर धुकं होतं. त्या दिवशी पहिल्यांदाच नायलॉनला गळ मला बांधू दिलात. माझी बोटं सुती दोऱ्याच्या सवयीची, शिवाय मला घाई फार. मग गळाला कटला मासा लागला. त्याची काळी पाठ पाण्यावर आली तेव्हा तुम्ही लहान मुलासारखे हसलात. तसे हसताना मी तुम्हाला कधीच पाहिलं नव्हतं. आणि दोरा एकदम हलका झाला.

तुम्ही चष्मा पुसत होतात तेवढ्यात मी दोरा ओढून घेतला. टोक कुरळं होतं. ते मी दातांनी तोडलं आणि पाण्यात थुंकले. "तुटला," मी म्हणाले. तुम्ही ते सरळ टोक बराच वेळ पाहिलंत.

"तुझी गाठ पक्की होती," तुम्ही म्हणालात. "दोराच कच्चा."

त्यानंतर तुम्ही शेवटपर्यंत सुतीच दोरा वापरलात, गाठ मात्र नेहमी मलाच बांधायला दिलीत. मला त्याची फार लाज वाटायची. उरलेल्या नायलॉनने आईने फाटकावरचा जाईचा वेल बांधला. उन्हापावसात, वेलाच्या ओझ्याखाली तो वर्षानुवर्षं तुटला नाही. कामावर जाताना तुम्ही रोज त्याच्याखालून वाकून जायचात, आणि मी खिडकीतून बघत राहायचे.

हे पत्र पुडीच्या कागदातच गुंडाळून ठेवतेय. दोरा चांगला होता, अण्णा. मी दोनच वेढे दिले होते.