तुझ्या तेरवीले मी येणार नाही

प्रिय दादा,

'प्रिय' लिहिलं, कारण पत्रात तसं लिहा लागते. तूच शिकवलं होतं. मनात सध्या तुझ्यासाठी दुसरेच शब्द आहेत.

काल शाळेत तुझी शोकसभा झाली. मले समोरच्या खुर्चीवर बसवलं. तुझे जुने विद्यार्थी एकामागून एक उठले. कोणी मास्तर झाला, कोणी पाटबंधाऱ्यात लागला, एक तर डॉक्टर! सारे एकच म्हणत, "सर नसते तर आम्ही धानाच्या बांधीतच राहिलो असतो." अन् माझ्या बाजूले माझी वंदना बसली होती. दहावी पास, सरांची सख्खी भाची, आणि बांधीतला चिखल धुऊन तशीच आलेली! तेव्हाच ठरवलं, तुले लिहायचं. तोंडावर बोलायची सोय तू ठेवली नाही.

आपल्याकडे कॉलेजची भरती अन् धानाचा रोवणा एकाच वेळी येतात. "रोवणा होऊ द्या, मग पोराले नेतो," असं म्हणत म्हणत किती पोरं घरी राहिली! पावसासाठी थांबणारी माणसं आपण. आपल्याले वाटते, कॉलेजही आपल्यासाठी थांबते. हे तुझ्याइतकं कोणाले समजलं होतं? पॅन्ट गुडघ्यापर्यंत गुंडाळून तू लोकांच्या शेताच्या धुऱ्यावर जाऊन उभा राहायचा.

"शामराव, पोरगं भंडाऱ्याले काहून नाही गेलं?"

"गुर्जी, थांबा न थोडे. बांधीत लावाचे परे पिवळे पडून राहिले."

"परे पुढच्या वर्षी बी होतीन. पोट्ट्याचं हे वर्ष वापस येईन का?"

शामरावची बायको चिखलातूनच ओरडली, "एवढंच आहे तर तुमीच उतरा त्याच्या जागी!" अन् तू खरंच उतरला. तुझी ओळ अशी वाकडी गेली, की बाया पुढच्या वर्षीच्या रोवण्यापर्यंत हसत होत्या. पण पोरगा गेला कॉलेजात. काल तोच पहिला बोलायले उठला, अन् तोच सगळ्यात जास्त रडला.

आणि तुझे ते शनिवार! शाळा सुटली की दहावीच्या पोरापोरींना तू थांबवायचा. काय आवडते, कशाची भीती वाटते, घरी कोण नाही म्हणते, सारं विचारायचा. ज्याचं गणित कच्चं त्याले सायन्सच्या मागे धावू द्यायचा नाही. ज्याचा हात चांगला त्याले आयटीआयची वाट दाखवायचा. मग ऑफिसच्या खिडकीआड स्वतःच क्लार्क होऊन बसायचा अन् एकेकावर खेकसायचा, "काय पायजे?" पोट्ट्यांची बोबडी वळायची. कोणी रडलं तरी पुन्हा रांगेत उभं करायचा. म्हणायचा, "भंडाऱ्याचा क्लार्क काही तुमचा मामा नाही."

वंदनाचा तर मामाच होता न! मग तिले त्या खिडकीपुढे एकदा तरी उभं केलं का? "तू घरी जाय वंदे, आई वाट पाहत असन." दर शनिवारी हेच! मी कधी वाट पाहिली रे? मले वाटायचं, मामा घरची पोरगी शेवटी घेईन, नीट बसवून सांगन.

निकालाच्या दिवशी तू आला. मी चुलीपुढे होती, पण कान तुमच्याकडेच. वंदनाचे बाबा म्हणाले, "पोरगी पुढं शिकून काय करन? रोवण्यात हात कमी पडून राहिले." मी वाट पाहत होती, की आता तू भडकशील. धुऱ्यावर भडकायचा तसा! अन् तू काय म्हणाला? "जवाईबापू म्हणतात ते बी बरोबर आहे. पाहू पुढच्या वर्षी." वर चहाही पिला.

मी तुले फाटकाशी गाठलं. आठवते?

"दादा, लोकांच्या बापांवर तं लई ओरडतं न?"

"यमे, जवायाले कसं बोलू? घरचा मान असते. त्रास तुलेच होईन."

"माझ्या त्रासाचं मी पाहतो. तू तुझं सांग."

तू हसला अन् सायकलवर टांग टाकली.

मले चौथीतून काढलं, तुले शिकायले भंडाऱ्याले ठेवलं. तेव्हा तूही पोरगाच होता, त्याचा दोष तुले देत नाही. पण नंतर तर तू मास्तर झाला! साऱ्या गावाच्या बापांना भ्याला नाही, अन् एका जावयापुढे मान खाली? असा कसा रे तुझा मान, ज्याचं ओझं माझ्याच पोरीच्या डोक्यावर ठेवलं?

अन् पुढच्या वर्षी पाहणार होता म्हणे! छातीत कळ आली अन् गेला. यंदाचा रोवणाही पुरा पाहिला नाही.

खरा राग सांगू? वंदना म्हणते, सायन्स घेतो. मी काय सांगू तिले? झेपन का? खोली घ्यायची की होस्टेल? एकटं वाटलं तर पोरगी कोणाशी बोलन? जेव्हा जेव्हा विचार आला, तेव्हा तेव्हा वाटलं, दादाले विचारू. कुठं विचारू आता, सांग न!

भरतीचा शेवटचा दिवस सोमवार. तुझी तेरवीही सोमवारीच. घरात म्हटलं, मी वंदनाले घेऊन भंडाऱ्याले जातो. हे भडकले, "सख्ख्या भावाची तेरवी सोडून? लोक थुंकतीन!"

मी म्हटलं, "थुंकू द्या. कॉलेज तेरवीसाठी थांबत नाही. तुम्ही जा तिकडं. जवाई आहा, पहिल्या पंगतीत बसवतीन."

आज सकाळी मी सैपाकखोलीच्या खिडकीआड बसली अन् वंदनाले अंगणात उभं केलं. तुझ्यासारखीच खेकसली, "काय पायजे?" पोरगी हसायले लागली.

"हसतं कायले? हो मागं! दुसऱ्याले येऊ दे!"

"आई, मामा बी एवढा खराब क्लार्क नव्हता वं."

"बाप कुठं आहे? बापाले घेऊन ये!"

तिचं हसू गेलं. खाली पाहत राहिली. मग मान वर केली अन् म्हणाली, "बाबा नाही आले. आई आली आहे."

दादा, मी खिडकीतून हात बाहेर काढला अन् म्हटलं, "आण, फॉर्म दे."

तर सोमवारी पहिल्या एसटीनं आम्ही निघू. भंडाऱ्याजवळचा कारध्याचा पूल येईन तेव्हा कदाचित तुझ्यासाठी रडीन, कदाचित नाही रडणार. तुझं वर्षश्राद्ध पुढच्या वर्षी आहेच. तेव्हा पाहू. पण वचन देतो, वंदनाचं नाव लिहिल्याशिवाय त्या खिडकीसमोरून हलणार नाही. अन् पालकाची सही मागतीन तिथं मीच करीन. चौथीपर्यंत तू पाटीवर गिरवून घेतली होती, तीच सही. अजून येते. ही खाली केली, पाहून घे,

यमुना

(वंदनाची आई)