बाजीची तीन मिनिटं

११ जाने., रवि.
सोसायटीची मीटिंग. एक तारखेला बाजीने जिन्यात बर्वेकाकूंना पाडलं, त्यांचं मनगट मोडलं. मी म्हणाले, पट्ट्याला हिसडा मारून सुटला. ठराव: १ फेब्रु.ला लोणावळ्याच्या डॉग शोमध्ये आज्ञापालनाची परीक्षा पास झाल्याचं सर्टिफिकेट आणा, नाहीतर कुत्रं हलवा. हलवा म्हणे. कपाट आहे का ते?
काकू हात गळ्यात बांधून बसल्या होत्या. एक शब्द बोलल्या नाहीत.

१२ जाने.
गावी आबांना फोन केला. म्हटलं, वेळ आलीच तर बाजीला कान्ह्याला ठेवाल?
"ठेवीन की. पर हितं गोठ्याम्होरं साखळीला र्‍हाईल. दिवाळीपासनं बिबट्यानं दोन कुत्री नेली, ठावं हाय ना तुला?"
ठाऊक आहे. फोन ठेवला आणि बाजीला उगाच एक पोळी घातली.

१४ जाने., बुध.
संक्रांत, शाळेला सुट्टी. वलवणला ट्रेनर सरांकडे. हे कुत्र्यांना शिकवतात आणि माणसांवर ओरडतात. बाजीचं शेजारी चालणं छान, हाकेला येणं छान. अडतंय एकाच ठिकाणी: 'बस' म्हणून मी पंधरा पावलं लांब जायचं आणि त्याने तीन मिनिटं हलायचं नाही. आज ४० सेकंद. माकड आलं, संपलं.
सर: "घरात सगळीच शहाणी असतात, मॅडम. शोमध्ये लाऊडस्पीकर असतो, रिंगणाच्या दोरीला लोक चिक्की खात उभे असतात. ते सगळं आधी दाखवा त्याला."
शिवाय हुकूम एकदाच द्यायचा. दुसऱ्यांदा 'बस' म्हटलं की मार्क गेले. माझी जीभ नुसती वळवळते.

१८, रवि.
कान्हे. आबांनी बाजीच्या नाकासमोरून शेळ्या नेल्या, परात बडवली, छत्री फाडकन उघडली. १ मि. ५० से. स्टेशनात गाडीचा भोंगा वाजला तरी पठ्ठ्या जागचा हलला नाही. आबा घाम पुसत म्हणाले, "माणसं बसत न्हाईत गं तीन मिन्टं गप!"
हसले. बऱ्याच दिवसांनी.

२४, शनि.
तळेगावात भाजी मंडईच्या कडेला. २ मि. ४०. उरलेले वीस सेकंद डोक्यातून जात नाहीत. वर्गात पोरांवर उगाच खेकसले, वाईट वाटलं.

३०, शुक्र.
तीन मिनिटं! लागोपाठ तीनदा! सरांनी चहा पाजला. म्हणजे जमलं म्हणायचं.

१ फेब्रु., रवि.
नापास.
नीट लिहून काढते, नाहीतर डोक्यात फिरत राहील. चालणं, हाक, सगळं चोख. मग आठ कुत्री ओळीत बसवली, आम्ही समोर उभे. अडीच मिनिटं झाली होती. एक गावठी कुत्रं दोरीखालून आत घुसलं. कडेच्या स्वयंसेवकाने ओरडून त्याला हाकललं, "हाड!"
सात कुत्री बसलेली. बाजी उठला. कान पाडून दोरीखालून बाहेर गेला आणि तिथे नीट बसला.
पहिले सहा महिने तो आबांकडे होता. चुलीपाशी आला की "हाड", की निमूट अंगणात जाऊन बसायचं. शेळ्या झाल्या, परात झाली, छत्री झाली; हा शब्द आमच्यापैकी कुणालाही सुचला नाही. आणि तो माझ्याकडे बघत होता, बरोबर केलं ना, अशा तोंडाने.
दोरीला धरून रडले. सगळ्यांसमोर. लाज वाटली नाही.

२ फेब्रु., सोम.
शाळेतून थेट काकूंकडे गेले.
"पास झाला का गं?"
"नाही."
निघणार होते. पण तोंडातून आलंच. काकू, तो हिसडा मारून सुटला नव्हता. मी फोनवर बोलत होते, पट्टा कठड्यावर टाकला होता. समोर कबुतर फडफडलं आणि तो धावला. मीटिंगमध्ये मी खोटं बोलले. चूक माझी आणि परीक्षा त्याला.
काकूंनी प्लास्टरचा हात उशीवर ठेवला. मग म्हणाल्या, "मी समोरूनच वर येत होते. दिसलं होतं मला. तू कधी सांगतेस ते बघत होते."
मी तिथेच खाली बसले, तर काकूंनी विचारलं,
"उद्या मीटिंगमध्ये हे सगळ्यांसमोर सांगशील?"
हो म्हणाले. हे ऐकून लोक काय ठरवतील, काकू काय म्हणतील, काही कळत नाही. विचारायची हिंमत झाली नाही.
उद्या आठला मीटिंग. बाजीला बरोबर न्यावं की घरी ठेवावं, ते अजून ठरत नाही.