कुठून येऊ?

३ डिसेंबर २००१, सोम.
शिवणक्लास. जाताना नदी बरी, येताना नालायक. दुपारी धरणातून विजेसाठी पाणी सोडलं, संध्याकाळी ओसरलं, आणि सकाळची घट्ट वाळू तिथंच रुतायला लागली. चाकं रुतू नयेत म्हणून दोन्हींतली हवा थोडी सोडली, चपला हँडलला. मी पुढं, विमल माझ्या चाकोरीत. चकाकतं तिथं जायचं नाही, बारीक लाटा उमटलेल्या वाळूवरून जायचं, मधे ब्रेक दाबायचा नाही. बारावीची दोन वर्षं याच वाटेनं गेली, तेव्हापासून शिकवतेय. पण वि.ला वाळू कळत नाही ती नाहीच. माझ्या पाठीकडं बघते नि पायडल मारते. "तू हाईस ना मंग," म्हणते.
मला बरं वाटतं ते. उगाच खोटं कशाला लिहू.

७ डिसें., शुक्र.
पलीकडच्या तांड्यावर वस्तीशाळा निघणार! शिकवायला बारावी पास पाहिजे, नि तांड्यात कुणी नाही. तांड्याचे नायक क्लासवर आले होते. मला नि वि.ला म्हणाले, "रविवारी सकाळी बैठक हाय. दोघी बी या. लोक ठरवतील ते बराबर." क्लासच्या बाई हळूच म्हणाल्या, शांता, तुझंच होईल. उन्हाळ्यात तिथल्या लेकरांना मीच पाढे शिकवले होते ना.
बाबांनी जाहीर केलं, शाळा मिळाली तर लग्नाचा विषय दोन वर्षं बंद. म्हणजे जालन्याचं ते स्थळ गेलं उडत. म्हणजे सगळं आता रविवारवर.
वि. म्हणाली, "सात वाजता नदीवर. संगंच जाऊ. तुझं झालं तरी पेढा मी खानार."

९ डिसें., रवि.
येईल तसं लिहिते.
सातला गेले. वि. नाही. वाट पाहिली, मग सहज वर पाहिलं तर वि. पलीकडच्या काठावर. नवी साडी, सायकल हातात. मी यायच्या जरा आधीच दूधवाल्याच्या मागं पार झाली होती. तो पुढं निघून गेलेला. रात्री पाणी येऊन गेलेलं, वाळू सगळी नवी. त्यांची चाकोरी ओलीनं भरून आलेली, कुठं काही दिसेना.
मी हाक दिली, "विमल, कुठून येऊ?"
आमच्या नदीवर ही हाक कुणी टाळत नाही. बांधावरून कोर्टात भांडणारे भाऊसुद्धा हात करून वाट दाखवतात, नि काठावर आले की पुन्हा अबोला.
तिनं पाहिलं. माझ्याकडंच. मग सायकल वळवली आणि गेली.
तरी मी घुसले. डोकं ठिकाणावर नव्हतं. मधोमध पुढचं चाक गेलं, मग पाय गुडघ्यापर्यंत. सायकल आडवी टाकली, तिच्यावर पोट टेकून सरपटत मागं आले. ओरडले नाही. कुणाला ओरडणार?
सेनगावच्या जीपनं, पुलावरून फिरून पोचले तोवर बैठक उठलेली, शाळा वि.ला दिलेली. नायक गोंधळले. "पोरी, तू येनार न्हाईस म्हनाली ना ती. तुझं लगीन जमलं म्हनं."

१० डिसें., सोम.
वि. आली दारात. "ऐकूच आलं न्हाई गं. वारं होतं."
वारं! पान हलत नव्हतं. खडीवर तिच्या सायकलची घंटी वाजली ती मला इकडं ऐकू आली.
"आन लग्नाचं काहून सांगितलं?"
"मला वाटलं जमलंच…"
दार लावून घेतलं. मग रडले. आईला वाटलं शाळेसाठी रडतेय. शाळेसाठी तर होतंच, पण

२३ डिसें., रवि.
जालन्याची माणसं बघून गेली. चहा दिला, नाव सांगितलं. मुलगा सगळा वेळ पंख्याकडं बघत होता. त्यांचा निरोप यायचाय. क्लास सोडला.

२ जाने. २००२, बुध.
वि. शाळेला दूधवाल्याच्या मागं जायची. त्यानं मोटारसायकल घेतली, आता तो पुलावरून जातो. वि.ची आई आली होती. "शांता, तिला वाळू उमगत न्हाई, तुला ठावं हाय. सकाळ-संध्याकाळ तू जराशी…"
"जीप हाय की, काकू."
जीप भरल्याशिवाय हलत नाही. शाळा रोज उशिरा उघडून राहिली, नायक चिडलेत, हे गावभर झालंय. ऐकून मला बरं वाटलं. वाटलं तर वाटलं.

९ जाने., बुध.
दुपारी नदीवर गोधड्या धुवायला. संध्याकाळ होत आली, पाणी नुकतंच ओसरलेलं. उठणारच होते, तेवढ्यात पलीकडून हाक.
"शांते! कुठून येऊ?"
वि. एकटीच, शाळेतून परत येताना. सायकल धरून उभी. मी गोधडी पिळत राहिले. सगळी पिळून झाली तरी पिळत राहिले. परत हाक नाही आली. तिनं चपला हँडलला अडकवल्या आणि सरळ चकाकत्या वाळूकडं निघाली. खरंच काही कळत नाही तिला.
"बाभळीखालून ये!" माझ्या तोंडातून गेलं. "हवा सोड आधी! आन थांबू नको मधी!"
आली. काठावर येऊन धापा टाकत उभी राहिली. म्हणाली, "त्या दिशी ऐकू आलं होतं मला."
मी गोधड्या डोक्यावर घेतल्या.
गल्लीच्या तोंडापर्यंत मागं मागं आली. "उद्या सकाळी येतीस का गं, शांते?"
मी वळले नाही. वारं नव्हतं, नीट ऐकू आलं.
घरी येऊन सायकल बाहेर काढली, पुसली. दोन्ही चाकांतली हवा थोडी सोडून ठेवली. जाणार आहे असं नाही.