घंटा होईपर्यंत

ता. २ फेब्रुवारी

तीर्थरूप काका आणि सौ. काकू यांना,
शि. सा. न. वि. वि.

मी इकडे खुशाल आहे. तुम्ही तिकडे खुशाल आहात की नुसतेच रुसून बसला आहात ते कळायला मार्ग नाही, कारण माझ्या तीन पत्रांना उत्तर नाही. काकूचं येतं. त्यात तुमच्याबद्दल एकच ओळ असते, की काका कारखान्यात असतात. गाद्या शिवता शिवता माणूस स्वतःच एखाद्या गादीत शिवला गेला की काय, अशी मला शंका येऊ लागली आहे.

आता कामाचं. मुका लोहार निवृत्त होतोय! बातमी तुम्ही वाचली असेलच. शेहेचाळीस वर्षांचा झाला, दोन्ही गुडघे गेले, आणि शेवटची कुस्ती तुमच्याच गावच्या हॉलमध्ये, चौदा मार्चला, शनिवारी दुपारी. सव्वीस वर्षं रिंगमध्ये काढली आणि एक शब्द बोलला नाही. मुका नाही हे सगळ्यांना ठाऊक, पण सोंग घेतलं ते शेवटपर्यंत निभावलं. बाबा म्हणायचे की असा निश्चय आपल्या घरात कुणाकडे असता तर आपणही चॅम्पियन झालो असतो.

तर यावरून आमच्या हॉस्पिटलात वाद पेटलाय. मी नोंदणीच्या खिडकीवर बसते, आणि शेजारच्या खोलीत एक्स-रे काढणारे एक गृहस्थ आहेत, ते लोहाराचे तुमच्याहून मोठे भक्त. ते म्हणतात लोहार सहा वेळा चॅम्पियन झाला. बाबांनी पाठ करून घेतलेली यादी मी म्हणते, तर पाच होतात. सहावी वेळ कोणती ते त्यांनाही धड सांगता येईना. बाबांची किताबांची वही तुमच्याकडेच आहे. लोहाराचं पान उतरवून पाठवा, म्हणजे एक्स-रेवाल्यांचं तोंड बंद करते.

वहीवरून सगळं आठवलं. मी सात वर्षांची, गळ्यात शिट्टी, आणि कारखान्यातल्या नव्या गादीवर तुम्ही दोघे भाऊ. बाबा हरले तरी उठून पुन्हा भिडायचे, म्हणून मी नियम काढला होता की हरलेल्याने घंटा होईपर्यंत उठायचं नाही. पुढे टीव्हीसमोर बसूनही तुम्ही तो पाळत होतात, टीव्हीतली घंटा धरून! पन्नाशी उलटलेली दोन माणसं. मला अजून हसू येतं.

बाबांना जाऊन पुढच्या महिन्यात चार वर्षं होतील. शेवटच्या कुस्तीला मी येईन म्हणते. दोघांनी मिळून जाऊ.

काकूला नमस्कार. उत्तर नाही आलं तर तारेने रुसेन.

तुमची,
पंच

---

ता. १० फेब्रुवारी

चि. पंचबाईंना,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पावलं. आधीचीही तिन्ही पावली. उत्तर दिलं नाही याचं कारण आळस, दुसरं काही नाही. हंगाम आहे, वसतिगृहाच्या ऐंशी गाद्या आल्यात, कापूस पिंजून पिंजून नाकात गेलाय. दाभण धरून बोटं अशी झाली आहेत की पेन धरवत नाही.

लोहार पाच वेळा चॅम्पियन झाला. तुझ्या त्या फोटोग्राफरला सांग, लोकांची हाडं बघता बघता डोळे गेले असतील तर चष्मा लाव. पहिल्यांदा जिंकला तो जुन्या आखाडेवाल्या कंपनीत, दिवाणाला पाडून. दुसरा किताब नऊ दिवसांचा. तिसरा साखळदंडाच्या कुस्तीत, ज्यात त्याचा कान फाटला आणि तुझ्या बाबाने जेवण टाकलं. चौथा लाल घुबडाचा मुखवटा उतरवून. पाचवा दोन वर्षं चाळीस दिवस. झालं. वहीत पाचच आहेत, आणि जे वहीत नाही ते झालेलंच नाही. दादाचा हा नियम होता आणि माझाही आहे.

वही माळ्यावर कुठेतरी पडली आहे. सापडली तर बघू.

कुस्तीला मी येणार नाही. टीव्ही मी केव्हाच देऊन टाकला. आता त्या वयाचे आपण राहिलो नाही, गं. तू ये, काकूकडे राहा, मैत्रिणीला घेऊन बघून ये.

कारखान्यात परवा कापसाचा गठ्ठा फळीवरून पडला. धप्प झालं, आणि माझा हात आपोआप जमिनीवर आपटला, एक, दोन. कारागीर बघत राहिले. वय झालं की असं होतं.

लोभ आहेच. तो वाढला नाही तरी चालेल, आहे तेवढा टिकव.

तुझा,
काका

---

ता. ११ फेब्रुवारी

चि. बाळ,
अ. आ.

ह्यांनी पत्र टाकायला माझ्याकडे दिलं. पाकीट उघडंच होतं, म्हणून वाचलं. माझ्यावर रागावू नकोस.

वही माळ्यावर नाही. ती ह्यांच्या गादीखाली आहे. आणि त्या गादीवर हे झोपत नाहीत. गावाला गाद्या पुरवणारा माणूस चार वर्षं सतरंजीवर झोपतो, कोणाला सांगू?

दर शनिवारी चारच्या सुमारास हे कारखान्यातून घरी येतात. बाहेरच्या खोलीत सोफ्यासमोर जमिनीवर बसतात. टीव्ही होता तिथे नुसतं स्टूल आहे. त्याच्याकडे पाठ करतात आणि सोफ्याच्या पायाशी बघत राहतात. मी चहा नेला तर हात वर करून थांबवतात. थोड्या वेळाने उठतात आणि कामाला जातात. विचारलं की म्हणतात, पाय मोकळे करत होतो. बसून कोण पाय मोकळे करतं?

हॉलची माणसं परवा आली होती. शेवटच्या कुस्तीसाठी रिंगची खालची गादी नवी हवी आहे, आजवर ह्यांनीच केली. ह्यांनी नाही म्हणून सांगितलं.

तुझे बाबा गेले त्या दिवशी मी बहिणीकडे होते. घरात हे दोघंच होते. मला जे सांगितलं तेच मला ठाऊक. आता तूच विचार. तुझ्यापुढे हे खोटं बोलत नाहीत, निदान पूर्वी बोलत नव्हते.

तुझी,
काकू

---

ता. २४ फेब्रुवारी

चि. पंचबाईंना,
आशीर्वाद.

तुझं दोन ओळींचं कार्ड मिळालं. वही कुठे आहे ते तुला कळलं, आता खरं काय ते सांगा, असं लिहिलंस. कार्ड चौदा दिवस खिशात बाळगतोय, असं म्हटलं असतं, पण ते येऊन नऊच दिवस झाले. नऊ हा आकडा मला सुटत नाही.

सांगतो. मध्ये थांबलो तर पुन्हा लिहिणं होणार नाही, म्हणून एका बैठकीत लिहितो.

त्या शनिवारी लोहार आणि दिवाण यांची किताबाची कुस्ती होती. दादा सोफ्यावर, मांडीवर वही, हातात त्याचं ते तिरक्या टोकाचं पेन. पाट्या रंगवणारा माणूस, त्याची अक्षरं तुला माहीत आहेत. पट्टा हातात आल्याशिवाय तो नाव लिहीत नसे, पण पेन उघडून बसत असे. मी खाली जमिनीवर.

दिवाणाने लोहाराला उचलून आपटला. लोहार पडला, आणि इकडे दादाही सोफ्यावरून खाली पडला. हे तो नेहमीच करायचा. आपला माणूस पडला की आपणही पडायचं, जीभ बाहेर काढून. तू घरातून गेल्यापासून मोजायचं काम माझ्याकडे होतं. टीव्हीतल्या पंचाबरोबर मी जमिनीवर हात आपटून मोजू लागलो. दोनला तो नेहमी खांदा उचलायचा. लोहाराने उचलला. दादाने नाही उचलला.

मी तीन मोजले. हात वर केला आणि त्याला सांगितलं की तू हरलास, आता घंटा होईपर्यंत हलायचं नाही.

आणि मी टीव्हीकडे तोंड केलं.

कुस्ती लांबली. लोहार मार खात होता, मी ओरडत होतो, मध्येच मागे न बघता दादाला चिडवत होतो की कसा गप्प पडलास. तो नियम पाळतोय असं मला वाटत होतं. बरं वाटत होतं, कारण एरवी तो लबाडी करायचा. मग लोहार जिंकला. घंटा झाली. मी दादाला म्हटलं की ऊठ, नाव लिही, सहा झाले.

पेन त्याच्या हातातच होतं. शाई सदऱ्यावर पसरली होती.

टीव्हीवर वेळ दिसत होती, म्हणून मला माहीत आहे. नऊ मिनिटं. हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं की पडून किती वेळ झाला. मी सांगितलं, आत्ताच. तुझ्या काकूला तेच सांगितलं. तुला फोनवर तेच सांगितलं.

म्हणून पाच. सहावा किताब त्या घंटेला सुरू होतो. तो मी कसा लिहू?

शनिवारी मी तिथे जाऊन बसतो, कारण त्या दिवशी पाठ करून बसलो होतो. एवढंच.

मला काका म्हणू नये असं वाटलं तर म्हणू नकोस. तो तुझा हक्क आहे.

---

ता. २ मार्च

तीर्थरूप काकांना,
शि. सा. न. वि. वि.

काकाच लिहिलंय, बघून घ्या.

पत्र वाचून मी पाच दिवस काही लिहिलं नाही. राग आला होता. तो आलाच नाही असं लिहिलं तर तुम्हाला खरं वाटणार नाही. बाबा तिथे पडलेले आणि तुम्ही ओरडताय, हे चित्र डोळ्यांपुढून हलेना. खिडकीवर बसून मी दोन पेशंटांची नावं चुकीची लिहिली.

माझ्या खिडकीवर एक रकाना असतो, त्रास कधी सुरू झाला. रोज शंभर माणसांना विचारते. सगळे सांगतात, आत्ताच. कुणी परवापासूनचं आत्ताच म्हणतं, कुणी सकाळपासूनचं. मी लिहून घेते. तुम्ही त्या दिवशी फोनवर आत्ताच म्हणालात तेव्हाही मला कळायला हवं होतं. कदाचित कळलंही होतं, आणि मी विचारलं नाही.

नऊ मिनिटांनी फरक पडला असता का, ते मला माहीत नाही. एक्स-रेवाल्यांना नाव न सांगता विचारलं, तर म्हणाले की सांगता येत नाही. खोटा धीर मी तुम्हाला देणार नाही.

पण एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत, म्हणून मी लिहिते. तो नियम कुणी केला होता? तुम्ही पत्रात नियमाचं लिहिलंत आणि माझं नाव एकदाही घेतलं नाही. चार वर्षं गप्प राहिलात ते स्वतःसाठी की माझ्यासाठी, हे आता माझ्या लक्षात आलं. गेल्या पत्रात मी वर हसू येतं म्हणून लिहिलं होतं. ते वाचताना तुमचं काय झालं असेल?

त्या शिट्टीवालीला मीही रोज बघते आता. ती बोट नाचवत बाबांना सांगत असते, उठायचं नाही. ती जात नाही, काका.

तेव्हा पंच म्हणून सांगते. जुना नियम रद्द. नवा नियम असा, की समोरचा पडून उठला नाही तर घंटेची वाट न बघता आपण उठायचं.

दोन तिकिटं काढली आहेत. हॉलच्या माणसांना निरोप पाठवा की गादी तुम्हीच शिवताय. दुसऱ्या कुणाच्या कच्च्या टाक्यांवर लोहार शेवटचा पडलेला मला चालणार नाही आणि बाबांनाही चाललं नसतं.

काकूला सगळं सांगा. मग सतरंजी गुंडाळून ठेवा.

रागासकट,
तुमचीच पंच

---

ता. १८ मार्च

चि. पंचबाईंना,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू सुखरूप पोचल्याचं काकूच्या फोनवरून कळलं. काकू माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी सतरंजी धुवायला टाकली आणि म्हणाली की वाळायला आठवडा लागेल. तिचं बोलणं असं असतं.

गावात मी प्रसिद्ध झालो आहे. कारागीर मला पैलवान म्हणतात. किराणावाल्याने विचारलं की कंपनीने तुम्हाला आधीपासून ठरवून ठेवलं होतं का. अख्ख्या हॉलला वाटलं की रिंगमध्ये धावलेला म्हातारा हा खेळाचाच भाग, म्हणून टाळ्या पडल्या. तू तेवढी टाळी वाजवत नव्हतीस. मला वरून दिसलं.

गाडी सुटताना तू विचारलंस की वर रिंगमध्ये काय झालं, लोहार काय बोलला. तेव्हा मला सांगवलं नाही. आता लिहितो.

जाणाऱ्याने हरून जायचं, नव्या माणसाला जिंकू देऊन पाठीवर पडायचं, ही त्यांच्या धंद्यातली रीत. ते मला ठाऊक होतं, तो हरणार हेही ठाऊक होतं. पंचाने तीन मोजले, घंटा झाली. आणि लोहार उठला नाही. लोक शांत उभे राहिले, त्यांना वाटलं, मान देतोय, निरोप घेतोय. तसंच असणार. पण मी बघत होतो आणि त्याची छाती हलताना मला दिसत नव्हती. त्याच्या डाव्या हाताखाली माझा टाका होता, सुतळीचा, मी ओळखला. पुढे काय केलं ते मला आठवत नाही. दोरीखालून कसा शिरलो, या गुडघ्यांनी, देव जाणे. डॉक्टर, डॉक्टर असं मी ओरडत होतो म्हणे.

मी त्याचा हात धरला. गरम होता, घामाने ओला होता. त्याने डोळे उघडले. सव्वीस वर्षं जो माणूस लोकांसमोर बोलला नाही, तो ओठ न हलवता बोलला. म्हणाला की मी बरा आहे, तुम्ही घाबरू नका. मी हात सोडेना. मग त्याने विचारलं की कोण गेलं.

कसं कळलं त्याला? मी सांगितलं, भाऊ. तुमच्याच कुस्तीला.

त्याने माझा हात घट्ट धरला. मग म्हणाला की मला उठवा. त्याला उठायला माझी गरज नव्हती, तो माझ्या दुप्पट आहे. तरी त्याने सगळा भार माझ्यावर टाकला आणि मी त्याला ओढून उभा केला. हॉल उसळला. मला काही ऐकू येत नव्हतं. तो उठला, एवढंच मी बघत होतो.

काल शनिवार नव्हता, तरी मी बाहेरच्या खोलीत गेलो. सोफ्याच्या पायाशी दादा होताच. तो जाईल असं मला वाटत नाही, आणि तुझी ती शिट्टीवालीही जाणार नाही, तुला खोटं कशाला सांगू. पण मी जमिनीवर नाही बसलो. सोफ्यावर, त्याच्या जागेवर बसलो आणि वही उघडली.

त्याच्या अक्षरांखाली माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. तरी लिहिलं. सहा. तुझ्या एक्स-रेवाल्यांना सांग, त्यांचंच बरोबर होतं, आणि म्हातारा चष्मा लावणार आहे.

सहावा पट्टा त्याने कधी गमावला ती तारीख मला माहीत नाही. मी बघायचं सोडलं होतं. त्यांना विचारून कळव. सुरुवातीची तारीख विचारू नकोस, ती मला पाठ आहे.

राग असेल तेवढा ठेव, आणि उरलेल्या जागेत माया ठेव.

तुझा,
काका