भिंगरी ध्रुवावर जाते

१० नोव्हेंबर २०१६

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोनच केला असता, पण इथे फोनपाशी रांग असते आणि रांगेतल्या सगळ्यांचे कान टवकारलेले. म्हणून सामानाच्या विमानाबरोबर पत्र धाडते आहे. ताई, दक्षिण ध्रुवावर जाणाऱ्या तुकडीची मी प्रमुख झाले. आमच्या प्रमुखांचा गुडघा सरावातच दुखावला, तेव्हा तळावरच्या साहेबांनी मला बोलावून सांगितलं की आता तूच ने. दोन हिवाळे इथले रेडिओ दुरुस्त केले, मिळेल त्या मोहिमेत घुसले, त्याचं चीज झालं. आम्ही चौघं, पायांत स्की आणि कमरेला बांधलेली सामानाची घसरगाडी. बरोबर डॉक्टर आहेत. विनोद सांगतात आणि आधी स्वतःच हसतात. सूर्य मावळत नाही, त्यात आनंदाने डोळा लागत नाही. अण्णांना तूच सांग. ते माझ्याशी अजून धड बोलत नाहीत.

लोभ आहेच, तो असाच वाढू दे.
तुझी भिंगरी

२५ नोव्हेंबर २०१६

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

हे तुझ्या हाती पडेल ते परतल्यावरच. तुझं पत्र वॉर्डात वाचलं आणि हातातला ट्रे ठेवून सगळ्या नर्सना सांगत सुटले. अण्णांनी ऐकलं, वीज कंपनीतली कायमची नोकरी सोडून बर्फ तुडवायला कोण जातं, हे नेहमीचं म्हणून घेतलं आणि चपला घालून बाहेर पडले. नंतर कळलं, थेट आपल्या जुन्या बस डेपोत जाऊन त्यांनी झाडून सगळ्या ड्रायव्हरांना बातमी दिली. आता मला विचारतात, तिथे हवा कशी आहे.

पायांची बोटं रोज तपास. नर्स म्हणून सांगते, बहीण म्हणून नाही.
तुझी ताई

२ फेब्रुवारी २०१७

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

ध्रुव आठवड्यावर आला होता. डॉक्टर बर्फाच्या भेगेत गेले. दोर होता म्हणून वर ओढले, पण हातमोजा निसटला आणि बोटं काळवंडू लागली. विमान उतरण्याजोगी जागा मागे राहिली होती. ते स्वतःच पुढे जा म्हणत होते. मी सगळ्यांना माघारी वळवलं. दोन बोटं गेली, हात वाचला. साहेब म्हणतात, पुढच्या मोसमात पुन्हा तूच. मी तर आत्ताच निघायला तयार आहे. पण ध्रुव न गाठताच परतले, हे अण्णांना कोणत्या तोंडाने सांगू?

माया पातळ होऊ देऊ नकोस.
भिंगरी

१ मार्च २०१७

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

ताईने पत्र वाचून दाखवलं. मी जन्मभर घाटात बस चालवली. पुढे दरड दिसली की गाडी मागे घ्यायचो. प्रवासी शिव्या द्यायचे आणि सुखरूप घरी जायचे. तू केलंस ते डेपोत सगळ्यांना सांगितलं. नोकरीचा विषय संपला. पुन्हा जा. निघण्याआधी मला फोन कर, रांगेतल्यांना खुशाल ऐकू दे.

प्रकृतीस जपावे. आमचा जीव तुझ्यापाशी आहे.
अण्णा

१५ जानेवारी २०१८

ती. अण्णांस,
शि. सा. न. वि. वि.

पोहोचलो. पेनातली शाई गोठली, म्हणून पेन्सिलीने लिहिते आहे. डॉक्टरही आले आहेत. शेवटी थांबून म्हणाले, प्रमुखाने पुढे व्हावं. मला ते पटेना. चौघांनी खांद्याला खांदा लावून शेवटची पावलं टाकली. आधी कोण पोहोचलं, ते आता कोणालाच सांगता यायचं नाही. रडले, तर पापण्याच चिकटल्या. डॉक्टरांनी उरलेल्या बोटांनी त्या हलकेच सोडवल्या आणि नेहमीसारखे आधी हसले.

अण्णा, इथे दक्षिण संपते. कुठेही तोंड करून पाऊल टाकलं, तरी ते उत्तरेलाच, म्हणजे घराकडेच पडतं.

येतेच आहे. तोवर लोभ जपून ठेवावा.
तुमची भिंगरी