आधी कौतुक, मग चूक

४ ऑगस्ट, देवास
इंदूरहून हेड ऑफिसचा फोन. वर्षभरात माझ्या डिस्पॅच विभागातून दोघं सोडून गेले. आणखी एक गेला तर विभाग नेहाकडे. नेहा म्हणजे माझीच असिस्टंट. उद्यापासून ट्रेनिंगमध्ये शिकवल्याप्रमाणे फीडबॅक: आधी कौतुक, मग चूक, मग पुन्हा कौतुक. मी रागीट आहे असं लोक म्हणतात. पूर्वजांनी तलवारीवर दरबार राखला, त्यामुळे आमचा आवाज जरा मोठा असतो, एवढंच.

५ ऑगस्ट
माझ्या विभागातल्या रणवीरने बदनावर गावचा माल चुकून मनावर गावाला पाठवला. बोलावलं. अक्षराचं कौतुक केलं. मग चुकीवर आलो. तेवढ्यात हातातून पेपरवेट सुटलं. त्याच्या कानाजवळून गेलं आणि कपाटाची काच फुटली. शेवटचं कौतुक राहून गेलं. पण नेम चुकला, म्हणजे माझ्या मनात काही नव्हतं.

६ ऑगस्ट
उपाय सापडला. टेबलावर काही ठेवायचंच नाही. पेपरवेट, स्टेपलर, पंचिंग मशीन, सगळं नेहाच्या खोलीत. घरी लतिकाला अभिमानाने सांगितलं. ती म्हणाली, घरात स्टीलचे कप मी काय हौसेने आणलेत? बायकोला मॅनेजमेंट कळत नाही.

८ ऑगस्ट
रणवीर हल्ली मला बघून चळचळ कापतो. आज मनावरचा माल बदनावरला. शांतपणे त्याच्या वेळेवर येण्याचं कौतुक केलं. मग चूक. टेबल रिकामं होतं, त्यामुळे टेबलच उलथलं. त्याच्या पायावर. अंगठा फुटला, रक्त आलं. मी कौतुकाकडे वळतच होतो, तर त्याने कॉलर धरली.
"साहेब, काम तुम्ही एकदम बढिया शिकवता."
मग नाकावर ठोसा.
मग, "शर्ट छान आहे भिया. ठंड्या पाण्याने धुवा, दाग निघून जाईल."
पद्धत तंतोतंत पाळली. माझं शिकवणं वाया गेलेलं नाही. दारात अख्खा विभाग उभा होता. कोणी काही पाहिलं नाही म्हणे.

९ ऑगस्ट
रणवीरचा राजीनामा. मला राग नाही. नाक दुखतंय.

१८ ऑगस्ट, धार
विभाग नेहाला. तिने रणवीरला घरी जाऊन परत आणलं. मला धारच्या गोडाऊनची स्वतंत्र जबाबदारी. प्रमोशनच म्हणायचं. हाताखाली कोणी नाही, डोक्यावर पत्रा.
दुपारी देवासहून माझं टेबल आलं. ठरल्या दिवशी, बरोबर पत्त्यावर. पाठवणारा रणवीर. सोबत चार बोल्ट, टेबलाचे पाय फरशीत पक्के बसवायला.
मनापासून कौतुक वाटलं. "वा," म्हणालोसुद्धा. समोर कोणी नव्हतं.